शंकरपाळे, चौकट आणि समभुज चौकोन

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमची नात पत्त्यांचा जोड मांडून ओसरीवर बसली होती. ती शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. त्यामुळे तिच्या व आमच्या संभाषणात एखादा दुभाषी असता तर बरे, असे आम्हास अधूनमधून वाटते. तिने चौकटची दश्शी उचलून आमच्यापुढे धरली आणि विचारले, "आजोबा, डायमंड म्हणजेच ऱ्हॉम्बस ना?" आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हो, तेच ते" असे म्हणून मोकळे झालो. तिचे समाधान झाले, तिने पत्ता खाली टाकला व डाव पुढे सुरू झाला.

तिचे समाधान झाले खरे, आमचे होईना. तेहतीस वर्षे ज्याने पोरांना भूमिती शिकवली, व्याख्येतील एक शब्द मागेपुढे झाला तर ज्याने गुण कापले, त्याने "तेच ते" म्हणावे? वाणी गिऱ्हाइकाला एका तांदळाच्या जागी दुसरा देताना म्हणतो, तसे ते उत्तर होते. त्या दिवशी दुपारी आम्ही त्या दोन शब्दांपाशी जाऊन बसलो, आणि बसता बसता जेथे जाण्याची आमची मुळीच इच्छा नव्हती अशा एका जुन्या वर्गात जाऊन पोहोचलो. पण ते पुढे.

प्रथम त्या दश्शीचेच पाहू. वाचकांनी घरातला जोड काढून चौकटचे एखादे पान नीट न्याहाळावे. अनेक जोडांतील त्या तांबड्या ठिपक्यांच्या बाजू सरळ नसतात. त्या किंचित आत झुकलेल्या असतात. ज्याच्या बाजूच सरळ नाहीत त्याला भूमिती चौकोनसुद्धा म्हणावयाची नाही, मग समभुज चौकोन कोठला? तरीही जगातील कोणीही माणूस त्या ठिपक्याला इंग्रजीत डायमंड म्हणावयास कचरत नाही. म्हणजे डायमंड हा बाजूंचा शब्दच नव्हे. तो ऐटीचा शब्द आहे. आकृती टोकावर उभी असावी, वर-खाली निमुळती व्हावी, रुंदीपेक्षा उंची थोडी अधिक असावी, एवढे पाहून तो खूश होतो. समभुज चौकोनाचे तसे नाही. चारी बाजू सारख्या असल्या की तो उभा असो, आडवा असो, कलंडलेला असो, त्याचे नाव बदलत नाही. एक शब्द आकृती कशी दिसते ते सांगतो, दुसरा ती कशी आहे ते.

या दोहोंतील अंतर पाहावयाचे असेल तर कागदाचा एक नीट चौरस कापावा. तो बाजूवर ठेवला की चौरस; पाव फेऱ्याच्या निम्मा फिरवून कोपऱ्यावर उभा केला की पाहणारा म्हणतो, ही चौकट. कागद तोच, बाजू त्याच, कोन तेच. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन पदार्थशास्त्रज्ञाने आपल्या १८८६ च्या संवेदनांवरील ग्रंथात नेमकी हीच गोष्ट नमूद केली आहे, की एकच चौरस बाजूवर ठेवला व कोपऱ्यावर ठेवला तर डोळ्याला त्या दोन निराळ्या आकृती वाटतात. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्याच्या मैदानाच्या आतल्या भागाला तेथील लोक डायमंड म्हणतात. तो वस्तुतः नव्वद फूट बाजूचा चोख चौरस असतो! पण फळीवाला एका कोपऱ्यावर उभा राहून खेळतो व तेथून पाहणाराला समोरचा कोपरा दूर टोकावर दिसतो. म्हणून चौरसाचा हिरा झाला. उभे कोठे राहावयाचे यावर नाव ठरले.

हिऱ्याचा आणि या आकृतीचा संबंध तरी काय, असे कोणी विचारील. आंगठीतला हिरा वरून पाहिला तर बहुधा गोल दिसतो. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी ज्या प्रमाणांचे गणित मांडले तो आजचा प्रसिद्ध घाट गोलच आहे. परंतु हिरा खाणीतून निघतो तो पुष्कळदा अष्टफलकाच्या रूपात, म्हणजे दोन चौरस मनोरे बुडाशी बूड लावून जोडावे तसा. आपल्याकडील जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांनी उत्तम हिऱ्याचे लक्षण सहा टोके, आठ पृष्ठे व बारा धारा असे सांगून ठेवले आहे. ते अष्टफलकाचे हुबेहूब वर्णन आहे. आता असा खडा एका टोकावर उभा धरून समोरून पाहिला, तर त्याची बाह्यरेषा कोपऱ्यावर उभा असलेला चौरस दिसते. आणि तोच आपल्या उभ्या आसाभोवती पंचेचाळीस अंश फिरवला की ती सडपातळ होऊन खराखुरा समभुज चौकोन होतो, त्याचा लहान कोन सुमारे साडेसत्तर अंशांचा. म्हणजे चौरस की समभुज, हा वाद प्रत्यक्ष हिऱ्याच्याच अंगात आहे म्हणावयाचा! इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक 'अदामास' या शब्दात दाखवतात. त्याचा अर्थ न नमणारा. आपला 'अदम्य' शब्द शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे परक्या घरात आपल्या आत्याबाईंचा चेहरा दिसावा तसे होते.

आणि ऱ्हॉम्बस? तो शब्दही ग्रीकच. पण त्याचे जन्मस्थान पाहून आम्हास हसू आले. दोरीला लाकडाची पट्टी बांधून ती गरगर फिरवली असता घूं घूं असा नाद काढणारे एक साधन ग्रीक लोक धार्मिक विधींत वापरीत, त्याला ते 'ऱ्होम्बोस' म्हणत. गरगरणे हा त्या शब्दाचा मूळ धर्म. ज्या शब्दाला आज शास्त्राने सर्वांत स्थिर अर्थ दिला, तो जन्मतः भिरभिरणारा होता. आणि ज्याचा अर्थ न नमणारा, तो व्यवहारात दर फेऱ्याला आपला अर्थ बदलतो.

पत्त्यांतील त्या तांबड्या ठिपक्याला निरनिराळ्या लोकांनी काय काय म्हटले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजाला त्यात हिरा दिसला. फ्रेंच माणूस त्याला 'कारो' म्हणतो, म्हणजे फरशी. हिंदी बोलणारे त्याला 'ईंट' म्हणतात. त्यांनी वीट पाहिली. आम्ही मराठी माणसांनी दाराची चौकट पाहिली! आम्हाला या नावाचा थोडा अभिमान वाटतो. इतरांनी वस्तू पाहिली, आम्ही वस्तूभोवतालची कड पाहिली. अर्थात दाराची चौकट काही टोकावर उभी राहत नाही, राहिली तर घरात शिरणे कठीण. आणि ती समभुज तर नसतेच. शेजारच्या बदामाकडे पाहिले म्हणजे आमचे नाव ठेवणारे पूर्वज फार तर्कशुद्ध होते असे म्हणवत नाही. पण काळजाच्या जागी ज्यांना बदाम दिसला त्यांचे लक्ष बहुधा स्वयंपाकघराकडे होते. आणि आम्हास जेथे जावयाचे आहे ते ठिकाणही तेथेच आहे.

कारण मराठीत या आकृतीचे खरे नाव चौकट नव्हे आणि हिरा तर नव्हेच. लुगड्यावरील बुट्टी, फरशीवरील नक्षी, काजूची वडी, गच्चीच्या कठड्यातील लोखंडी जाळीची घरे, यांचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे शिकलेला असो वा न शिकलेला, मराठी माणूस एकच म्हणतो: शंकरपाळ्याच्या आकाराची. हा शब्द फार्सीतील 'शकरपारा', म्हणजे साखरेचा तुकडा, यावरून आला. आमच्याकडे आल्यावर त्याने शंकराचे नाव धारण केले व तो दिवाळीच्या फराळात मानाने बसला. समभुज चौकोन हा शब्द पाठ्यपुस्तकात, शंकरपाळे हा शब्द डब्यात. आणि शाळेत शिरताना मुलाने डब्यातला शब्द दाराबाहेर ठेवून आत यावे, असा आमचा कित्येक वर्षे नियम होता.

तालुक्याच्या गावच्या एका शाळेत आम्ही तेव्हा आठवीला भूमिती शिकवीत होतो. सहामाहीच्या पेपरात दोन गुणांचा प्रश्न होता: समभुज चौकोन म्हणजे काय? अपेक्षित उत्तर एका ओळीचे. एका मुलीने लिहिले होते: "शंकरपाळ्यासारखी आकृती. सारख्या अंतरावर सरळ रेघा मारायच्या आणि तितक्याच अंतरावर तिरक्या रेघा मारायच्या, म्हणजे ती आपोआप होते." आम्ही त्यावर तांबडी फुली मारली व बाजूला शेरा लिहिला, 'हा स्वयंपाकाचा पेपर नव्हे.' तेवढ्याने आमची हौस भागली नाही. उत्तरपत्रिका वाटताना आम्ही ते उत्तर वर्गाला वाचून दाखवले. वर्ग पोट धरून हसला. आमच्या विनोदाला इतकी दाद क्वचितच मिळत असे, हेही येथे कबूल केले पाहिजे.

ती मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली. "सर, व्याख्या आठवली नाही म्हणून तसं लिहिलं," ती म्हणाली, "पण ते तसंच होतं. सारख्या अंतरावर कापलं की बाजू सारख्याच येतात. मोजाव्या लागत नाहीत."

आम्ही म्हणालो, "होतं म्हणून चालत नाही बाई, सिद्ध करावं लागतं. येतं का सिद्ध करता?"

तिला येत नव्हते. ती गेली. त्यानंतर काही आठवडे वर्गातील मुले तिला शंकरपाळी म्हणून हाक मारीत. ती हाक आमच्याही कानी येई व आम्ही ती ऐकली नाही असे दाखवीत असू. तिची आई गावातील दहा-पंधरा घरचा दिवाळीचा फराळ मजुरीने करून देत असे. ही गोष्ट आम्हास ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय असती तर किती बरे झाले असते! पण त्या दहा-पंधरा घरांत आमचेही घर होते. त्याच वर्षी तिने केलेली शंकरपाळी आमच्या घरी आली, व आम्ही ती चहाबरोबर खाल्ली.

पुढल्या वर्षी ती मुलगी शाळेत दिसली नाही. का, ते आम्ही विचारले नाही. आमच्या त्या शेऱ्यामुळे तिने शाळा सोडली असे आज म्हणणे हाही एक प्रकारचा अहंकारच होईल; गरिबांच्या मुलींनी शाळा सोडण्यास त्या काळी मास्तराच्या शेऱ्याहून बळकट कारणे होती. पण उरलेल्या सहा महिन्यांत तिने वर्गात हात वर केल्याचे आम्हास आठवत नाही, आणि तेवढे मात्र आमच्याच खाती जमा आहे.

नातीने पत्ता दाखवला त्याच दिवशी संध्याकाळी घरात शंकरपाळ्यांचा घाट होता. आम्ही, एरवी कधी जात नाही ते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलो. आमच्या कुटुंबाने पोळीसारखी जाड लाटी लाटली, कातण हाती घेतले व सरसर रेघा ओढल्या. पट्टी नाही, खूण नाही. पण एका रेघेपासून दुसरीचे अंतर जणू मोजून घेतलेले. मग पोळपाट न हलवता हात किंचित वळवून तिने तिरक्या रेघा ओढल्या, तितक्याच अंतरावर. आणि इतकी वर्षे आम्ही जे पाहिले नव्हते ते पोळपाटावर उघडे पडले.

दोन समांतर रेघांच्या जोडीने कापलेला प्रत्येक तुकडा समांतरभुज चौकोन असणारच. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. एक बाजू पाया धरली तर उंची म्हणजे सरळ रेघांमधील अंतर. शेजारची बाजू पाया धरली तर उंची म्हणजे तिरक्या रेघांमधील अंतर. क्षेत्रफळ एकच, उंची दोन्ही वेळा सारखी. तेव्हा पायाही सारखाच असला पाहिजे. झाले, चारी बाजू समान! तीन ओळींची सिद्धता. आठवीच्या मुलाला समजेल, आणि आठवीच्या मास्तराला सुचावयास निम्मे आयुष्य लागले. बरे, उलट बाजूनेही ते खरे आहे: समभुज चौकोन कोणताही घ्या, त्याच्या समोरासमोरील बाजूंतील दोन्ही अंतरे सारखीच निघतात. म्हणजे त्या मुलीने लिहिले ते प्रमेय तर होतेच, पण व्याख्या म्हणूनही ते चालले असते. पुस्तकातील व्याख्या ओळखण्यापुरती. हिची, आकृती प्रत्यक्ष करून हातात देणारी.

तिने एक शब्द फार जपून घातला होता, 'तिरक्या.' रेघा काटकोनात मारल्या असत्या तर चौरस पडले असते, आणि त्यांना ती शंकरपाळी म्हणणार नव्हती. येथे एक मोठा माणूस तिच्या बाजूला उभा आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या पहिल्या खंडाच्या आरंभी चौकोनांची जी वर्गवारी केली, तीत ऱ्हॉम्बस म्हणजे चारी बाजू समान पण कोन काटकोन नव्हेत, असेच म्हटले आहे; त्याच्या घरी चौरसाला या पंक्तीत पान नाही. आजचे गणित चौरसालाही समभुज चौकोनातच बसवते, आणि आमचा मराठी शब्द त्या मताचा आहे. समभुज म्हटल्यावर त्यात कोनाचे नावच निघत नाही. दोन्ही मते आपापल्या जागी सोयीची. पण युक्लिडची व्याख्या लिहिल्याबद्दल आपण शून्य दिले, ही जाणीव पाटावर बसून होण्यासारखी सुखाची नव्हे.

रेघा किती तिरक्या, हे तिने सांगितले नव्हते. सांगण्याची गरजही नव्हती, बाजू सारख्या येण्याशी त्याचा संबंध नाही. तुकडा जाड होईल की बारीक, एवढेच त्यावर ठरते. हे आमच्याकडे फार पूर्वी कोणी जाणले असेल तर भास्कराचार्यांनी. त्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत चारी बाजू पंचवीस असलेल्या क्षेत्राचे उदाहरण आहे. एक कर्ण तीस धरला तर दुसरा चाळीस येतो व क्षेत्रफळ सहाशे. एक चौदा धरला तर दुसरा अठ्ठेचाळीस, क्षेत्रफळ तीनशे छत्तीस. आणि चौरस केला तर सहाशे पंचवीस. बाजू त्याच, पीठ मात्र निम्म्याजवळ! म्हणूनच केवळ चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आचार्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि त्याला उत्तर देऊ पाहणाऱ्याला त्याहून पलीकडचा. चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. आम्ही तेथे एकदा मुलांची सहल घेऊन गेलो होतो व शिलालेखासमोर उभे राहून मराठी मातीतील गणितबुद्धीवर पाऊण तास बोललो होतो. ती मुलगी त्या सहलीत होती की नाही, ते आठवत नाही. बहुधा नसावी, सहलीची वर्गणी होती.

जाता जाता पतंगाविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण तीही याच जातीची आहे. पाठ्यपुस्तकात 'पतंग' नावाचा एक चौकोन असतो. त्याच्या वरच्या दोन बाजू आखूड व खालच्या दोन लांब काढतात. तो विलायती पतंग. आपल्या आकाशातला पतंग म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला जवळजवळ चौरस कागद, पाठीशी एक कामटी व आडवी एक कमान. संक्रांतीला गच्चीवर जाऊन आलेल्या पोराने पुस्तकातील त्या आकृतीला 'हा पतंग नव्हे' असे म्हटले तर त्याचे काय चुकले? आमच्या वर्गात म्हटले असते तर त्याचेही गुण आम्ही कापले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातीला हाक मारली व कालचे उत्तर मागे घेतो असे सांगितले. डायमंड म्हणजे ऱ्हॉम्बस नव्हे. एक दिसण्याचा शब्द, एक असण्याचा. आणि दोहोंहून उपयोगी असा आपला एक तिसरा शब्द आहे, तो तुझ्या आजीच्या पोळपाटावर आहे, असे बरेच काही आम्ही बोललो. ती थोडा वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पण परीक्षेत काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "चारी बाजू समान असलेला चौकोन, असं लिही." हे म्हणताना आमचा आवाज पूर्वीइतका करडा नव्हता, एवढेच.

लाटी अजून दोन उरल्या होत्या. आम्ही कुटुंबाकडे कातण मागितले. "अहो, तुमचं काय मध्येच?" म्हणत तिने ते दिले. आम्ही सरळ रेघा ओढल्या, मग तिरक्या. प्रमेय डोळ्यांपुढे होते, हात मात्र ऐकेना. एक पट्टी बोटभर रुंद, दुसरी दीड बोट. कडेचे त्रिकोणी तुकडे नातीने कच्चेच तोंडात टाकले. उरलेले तेलात सोडण्यापूर्वी आम्ही पट्टी आणून मोजून पाहिले. समांतरभुज होते सगळे. समभुज त्यांत एकही नव्हता.